रांगणा, आणि मी शिजवलेले तांदूळ

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गडहिंग्लजला माझं व्याख्यान होतं. विषय आवडीचा होता: नवस म्हणजे देवाला देऊ केलेली लाच. दीड तास बोललो, टाळ्याही बऱ्या पडल्या. मंडपाबाहेर चहाचा कप हातात घेतला आणि तानाजीचा फोन आला.

"वक्त्या, यंदा गड करायचा काय?"

निम्मा चहा शर्टावर सांडला, इतका आनंद झाला. तानाजी, भूपाल आणि मी कॉलेजात असताना कोल्हापूरच्या वसतिगृहात एका खोलीत तीन वर्षं राहिलो. तानाजी आता पेठ वडगावजवळच्या खेड्यात शेती आणि म्हशींचा गोठा सांभाळतो. भूपालचं जयसिंगपूरला शेतीच्या पंपांचं दुकान आहे. मी पोटासाठी शिकवतो आणि जिवासाठी भाषणं करतो. कॉलेज सुटलं तरी दर जानेवारीत तिघांनी मिळून एक गड करायचा, हा नेम आम्ही लग्नं, बाळंतपणं, पूर, कशाकशातून सांभाळला. गेल्या हिवाळ्यात तो मोडला. तानाजीच्या बायकोला, सुमनवहिनींना कॅन्सर निघाला आणि वर्षभर तो दवाखान्याच्या पायऱ्या चढत राहिला.

"करू की! सामानगड घेऊ, सोपा आहे," मी म्हणालो.

"न्हाय. रांगणा."

"अरे, रांगणा म्हणजे दोन दिवस जाणार. वहिनींना एकटं टाकून..."

"तिनंच सांगितलंय जावा म्हणून. रांगणाच."

तानाजी कधी गड निवडत नाही. तुम्ही म्हणाल तो, एवढंच त्याचं उत्तर असतं. त्या दिवशी तो अडून बसला, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. बोलणाऱ्या माणसाला ऐकायची सवय उशिरा लागते.

जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे साडेपाचला भूपालची जुनी जीप कोल्हापुरात माझ्या दारात उभी राहिली. वाटेत त्यानं तानाजीला उचललं होतं. तुम्हाला जायचं असेल तर रस्ता सरळ आहे: कोल्हापूर, मुदाळ तिट्टा, गारगोटी, कडगाव, पाटगाव आणि शेवटी भटवाडी. स्वतःची गाडी नसेल तर गारगोटीपर्यंत एसटी भरपूर आहेत; पुढच्या गाडीची वेळ स्टँडवरच विचारून घ्या. हे दिवस ऊसतोडीचे. अंधारात पुढचा ट्रॅक्टर दिसत नाही, त्याच्या मागे डुलणाऱ्या दोन ट्रॉल्या तर त्याहून दिसत नाहीत. ट्रॉलीला मागं लाल पट्टी लावायला किती खर्च येतो? एका माणसाच्या जिवापेक्षा नक्कीच कमी. हे मी प्रत्येक सभेत सांगतो, इथेही सांगतो. गाडी सावकाश चालवा.

गारगोटीत मिसळ खाल्ली. कट लाल, झणझणीत आणि थंडीत नाकाडोळ्यांतून पाणी काढणारा. भूपाल जैन आहे, कांदा-लसूण खात नाही. तो समोर बसून घरच्या डब्यातले पोहे खात आमची मजा बघत होता. जयसिंगपूरहून त्यानं आमच्यासाठी पिशवीभर भडंग मात्र आणलं होतं, तेही लसणाचं.

"स्वतः खात नाहीस आणि आम्हाला चारतोस?" मी म्हणालो.

"तुमचं पाप तुमच्या खात्यावर," भूपाल म्हणाला. "मी फक्त गाडीभाडं सोसतोय."

तानाजी हसला नाही. खिडकीतून तो धुक्यातली शेतं बघत होता.

साडेनऊला भटवाडीला पोचलो. इथं आमच्यातली एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यामुळंच घडलं. वसतिगृहात पहिल्या वर्षी कुणाच्या घरून तुपातले लाडू यायचे, तर कुणाच्या घरून नुसती वाळकी भाकरी. लाडूवाले कपाटाला कुलूप लावून खायचे. तेव्हा मी बाकावर उभा राहून आयुष्यातलं पहिलं भाषण ठोकलं. खोलीच्या मध्यभागी चादर पसरली आणि म्हणालो, ज्याच्याकडे खायचं जे आहे ते इथं पडेल. ह्या खोलीत नावाचा डबा राहणार नाही. त्या दिवसापासून आमच्यात त्याला 'चादर' म्हणतात. गडाच्या पायथ्याशी चादर पसरायची, तिघांच्या पिशव्यांमधलं खाण्याचं सगळं तिच्यावर ओतायचं आणि वजन सारखं करून पुन्हा वाटायचं. चादर घालणारा अर्थात मी. त्या रीतीचा मला अभिमान होता, अजूनही आहे.

तानाजी जीप कुणाच्या तरी अंगणात लावायची परवानगी विचारायला गेला होता. भूपाल वाकून टायर बघत होता. मी चादर घातली. तानाजीच्या पिशवीतून भाकऱ्या निघाल्या, सुक्या मटणाचा डबा निघाला, लसणाची चटणी निघाली आणि तळाशी पांढऱ्या फडक्यात बांधलेले तांदूळ आणि एक नारळ. झकास, म्हटलं, भूपालच्या भाताची सोय झाली. तांदूळ-नारळ माझ्या पिशवीत टाकले, तानाजीच्या पिशवीत स्टोव्ह आणि पातेली कोंबली. तो आला, पिशवी पाठीवर घेतली आणि चालू लागला.

भटवाडीपासून वाट जंगलातून जाते. तांबडी माती, दोन्ही बाजूंना उंच झाडं, पानांवरून टपटपणारं दहिवर. पावसाळ्यात इथं जळवा असतात. जानेवारीत वाट कोरडी असते आणि हवा इतकी स्वच्छ की छातीत पाणी प्यायल्यासारखं वाटतं. पाण्याच्या दोन बाटल्या मात्र प्रत्येकी घ्याच. मातीत गव्याच्या खुरांचे ताजे ठसे दिसले तर थांबा, आरडाओरडा करू नका. आमच्यापुढे सात-आठ तरुणांचा एक गट खांद्यावर गाणी वाजवणारा डबा घेऊन चालला होता. मी गाठून विचारलं, "बाळांनो, ज्यांनी हा गड राखला त्यांनी रात्र-रात्र कान देऊन हे जंगल ऐकलं. तुम्ही ते दोन तासही ऐकणार नाही?" मला वाटलं भांडण होणार. त्यातल्या एका मुलीनं डबा बंद केला आणि म्हणाली, "सॉरी काका. पण तुम्हीच लय मोठ्यांदा बोलताय." भूपाल पुढचा मैलभर हसत होता.

दोन-सव्वादोन तासांनी गडाच्या अलीकडची वाडी लागते. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चार घरं, त्यातलं एकच उघडं, आणि त्या एका अंगणावर उद्या चाळीस माणसं येऊन बसू नयेत. नऊ वर्षांपूर्वी आम्ही इथं आलो होतो तेव्हा घरधन्यानं वाट दाखवली होती. या वेळी दारात त्याची बायको उभी होती, जनाक्का. साठीची, काटक, डोक्यावर गवताचा भारा.

"मालक आहेत का?" मी विचारलं.

"मालक गेलं की. सात वरसं झाली," भारा खाली टाकत ती म्हणाली. "टेका. पाणी देतो. कुठलं म्हणायचं पावणं?"

"कोल्हापूरचं."

"मग जेवनार बी मोठ्ठ्या आवाजात," ती म्हणाली, आणि चुलीपुढची जागा झाडून दिली.

तानाजी तिच्याबरोबर गोठ्यात गेला. एक म्हैस दोन दिवस चारा खात नव्हती. म्हशीचं दुखणं कळलं की त्याला माणसांत बसवत नाही. भूपाल गाडी चालवून दमला होता, झाडाखाली आडवा झाला. मी चूल पेटवली. मटण गरम केलं. मग पांढरं फडकं सोडलं आणि थक्क झालो. आंबेमोहोराचे दाणे, सगळे एकसारखे, अख्खे. एक कणी नाही, एक खडा नाही. मी ते धुतले, नारळ पायरीवर फोडला, खोबरं खवलं आणि जिरं-मिरचीच्या फोडणीत घालून भूपालसाठी बिनकांद्याचा भात केला. चांगला झाला. मीठ किंचित कमी पडलं, एवढंच.

तिघं पंगतीला बसलो. तानाजीनं पहिला घास घेतला.

"हे तांदूळ कुठलं?"

"तुझ्याच पिशवीतले," मी उत्साहानं म्हणालो. "काय निवडलेत रे! वहिनींना सांग, असा तांदूळ मी लग्नातसुद्धा बघितला नाही."

त्याचा हात ताटातच राहिला. भूपालनं माझ्याकडे बघितलं, मग पायरीवर पडलेल्या नारळाच्या करवंटीकडे. तानाजीनं ताटातला भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, ताट धुतलं आणि गोठ्यामागे जाऊन बसला.

"काय झालं?" मी भूपालला विचारलं.

"ओटी होती ती," भूपाल हळू म्हणाला. "रांगणाईची. वहिनींनी बोललेलं. औषधं संपली की स्वतः गड चढून देवीची ओटी भरीन म्हणून. औषधं दिवाळीत संपली, पण पायात ताकद न्हाई. म्हणून ह्याच्याकडं दिली, पहाटे जीपमधी सांगितलं मला त्यानं. खण आन् हळदीकुंकू त्याच्या आतल्या खिशात हाय. तांदूळ-नारळ तू शिजवलास."

माझी नजर पातेल्यात उरलेल्या भातावर गेली.

"आन् ते निवडलेत कुठं म्हाईत हाय? दवाखान्यात. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातानं मांडीवरच्या ताटलीतलं एक-एक अख्खं तांदूळ काढायच्या. दर खेपेला मूठभर. ओटीत कणी चालत न्हाई न्हवं."

वाचक हो, मी शेकडो सभा केल्या आहेत. अंगावर चप्पल आली आहे, निषेधाची पत्रं आली आहेत. हरलो ते त्या अंगणात. मी गोठ्यामागे गेलो. तानाजी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुझी भाषणं सुमी मोबाइलवर ऐकती. समदी. सलाईन लावल्यावर तीच तिची करमणूक. नवस म्हंजे लाच, ते बी ऐकलंय." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मी म्हटलं, वक्त्याला सांगून टाकतो. तर म्हणाली, नगा सांगू. भावजींना वाईट वाटंल."

ती माझ्यावर रागावली असती, तर मी वाद घातला असता. मला घाबरली असती, तर समजूत काढली असती. तिनं मला जपलं होतं. हातात सुई टोचलेल्या बाईनं, व्यासपीठावर धडधाकट उभ्या असलेल्या मला.

"दुसरी ओटी करू," मी म्हणालो.

"सुमीचं तांदूळ ते सुमीचं तांदूळ," तानाजी म्हणाला. पण उठला.

जनाक्कानं सगळं ऐकलं होतं. ती घरातून सूप घेऊन आली, त्यात तिच्या शेतातला जाडा, तांबूस तांदूळ. "लई बघितली शिकल्याली," माझ्याकडे बघत ती म्हणाली. "पर ओटीचा भात खाल्ल्याला पयलाच. बसा. निवडा."

पाच ओंजळी अख्खे दाणे हवे होते. आम्ही तीन प्रौढ पुरुष उन्हात मांडी घालून बसलो. घरी कांडलेला तांदूळ, निम्मा तुटलेला. पहिल्या अर्ध्या तासात माझी एक मूठही भरली नाही. मान दुखू लागली, चष्म्यावर घाम आला.

"वक्त्या," भूपाल म्हणाला, "तीस वर्षांत पहिल्यांदा तू अर्धा तास गप्प हायस. डॉक्टरला दाखवूया काय?"

"डोकं खाऊ नको," मी म्हणालो. "मोजताना चुकतं."

"मोजतोयस कशाला? निवड."

ऊन कललं तेव्हा पाच ओंजळी झाल्या. जनाक्कानं शिंक्यातून नारळ काढून दिला. कोकणातून भावानं पाठवलेला, सणासाठी राखलेला. मी खिशात हात घातला तर म्हणाली, "देवीच्या ओटीचं पैसं घेऊ व्हय मी?" सूर्य मावळायच्या आत जेवणारा भूपाल आवरून बसला, आम्हीही त्याच्याबरोबरच जेवलो आणि आठ वाजता गोधड्यांत शिरलो. जानेवारीत इथली थंडी कोल्हापूरसारखी नसते. जाड पांघरूण आणि कानटोपी आणा.

रविवारी उजाडता उजाडता निघालो. जनाक्काही काठी घेऊन बरोबर आली. देवीच्या देवळातली झाडलोट आणि दिवाबत्ती तीच करते, आठवड्यातून दोनदा. वाडीपासून वाट आधी खाली उतरते, मग एका चिंचोळ्या खिंडीतून गडाला भिडते. धुकं इतकं की दरवाज्याचा बुरूज एकदम नाकासमोर आला. पुढं एकामागून एक दरवाजे, मग तळं, आणि तळ्यापलीकडं रांगणाईचं देऊळ, समोर दीपमाळ. तळ्याच्या पाण्यावरून वाफ उठत होती. इथं बोलायचं नसतं, असं मला कुणी न सांगता कळलं.

जनाक्कानं देऊळ झाडलं, दिवा लावला. तानाजीनं आतल्या खिशातून हिरवा खण आणि हळदीकुंकवाच्या पुड्या काढल्या आणि तिच्यापुढं धरल्या.

"आक्का, तुमी भरा. सुमी म्हणालीती, बाईमाणूस भेटलं तर तिच्या हातनं भरा."

ती दोन पावलं मागं सरली. "मी न्हाय. माझं कपाळ बघा की."

आणि मग मला राहवलं नाही. "आक्का, देऊळ तुम्ही झाडायचं, दिवा तुम्ही लावायचा, थंडीपावसात ही चढण तुम्ही चढायची, आणि ओटीला तुमचा हात चालत नाही? कुणी ठरवलं हे? नवरा गेला हा काय बाईचा गुन्हा आहे? आपल्या जिल्ह्यातल्या गावांनी ग्रामसभा भरवून विधवांवरच्या असल्या रीती मोडीत काढल्या आहेत, आणि इथं..."

"भाषान ऱ्हाऊ द्या," जनाक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी म्हणाल, हे म्हणत्याल. ओटी कुणाची हाय? दुखणं कुणाचं हाय? तिला इचारा. तिच्या मनात पाल चुकचुकली तर मला जलमभर लागून ऱ्हाईल."

ती बरोबर होती. एका बाईच्या वतीनं दुसरीला न्याय मिळवून द्यायला मी निघालो होतो, आणि पहिलीला विचारलंच नव्हतं.

देवळापाशी फोन लागत नाही. गडाच्या पश्चिम अंगाला कोकण दरवाजा आहे. तिथं कड्याच्या टोकाला रेंजची एखादी दांडी मिळते. सगळे तिथं गेलो. खाली कोकण अजून धुक्यात बुडालेलं होतं, मधूनच डोंगराचा एखादा शेंडा वर येत होता. तानाजीनं तीनदा लावला, चौथ्यांदा लागला. त्यानं सुमनवहिनींना सगळं सांगितलं. भातही. पलीकडून काय आलं ते कळलं नाही. त्यानं फोन जनाक्काच्या हातात दिला. "तुमच्याशी बोलती म्हणती."

आम्ही लांब सरकलो, पण फोनवर ओरडून बोलायची तिची रीत, त्यामुळं एक बाजू ऐकू येत होती.

"व्हय... जनाक्का... सात वरसं झाली... न्हाय, एकलीच... म्हशी हायती की... तू जेवतीस न्हवं?... केस? येत्यात गं, येत्यात. म्हशीला सुदिक थंडी पडली की नवी लव येती..." मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. वाऱ्यानं पदर उडत होता, तो तिनं दातांत धरला. शेवटी एवढंच म्हणाली, "बरं. बरं बाई. भरतो."

फोन तानाजीला देऊन ती देवळाकडं चालू लागली.

"काय म्हणाल्या वहिनी?" मी मागून विचारलं.

"बायकांचं हाय," ती म्हणाली.

तिनं तळ्यात हात धुतले. देवीला हळद लावली, कुंकू लावलं. खण ठेवला, त्यावर नारळ, मग ओंजळीनं तांदूळ, पाच वेळा. तिसऱ्या ओंजळीला चार दाणे दगडावर सांडले. तिनं ते एकेक उचलून पुन्हा ठेवले. भूपालनं टोपी काढली होती. तानाजी हात जोडून रडत होता. मी काय केलं? मी उभा राहिलो. हात जोडले नाहीत, कारण ते खोटं झालं असतं, आणि त्या दगडासमोर खोटं वागावंसं वाटलं नाही. उतरताना बघितलं, जनाक्काच्या बोटाला कुंकू राहिलं होतं. तिनं ते पुसलं नाही. मूठ मिटून तशीच वाडीपर्यंत आली.

गड बघायला अडीच-तीन तास धरा. लांब सोंडेसारखी माची चुकवू नका. दुपारपर्यंत भटवाडीला उतरता येतं. पाटगावात जंगलातला मध मिळतो, आम्ही तिघांनी घेतला. अंधार पडायच्या आत पेठ वडगाव गाठलं.

सुमनवहिनी ओट्यावर बसल्या होत्या, डोक्याला रुमाल. मला बघून उठू लागल्या. मी वाटेत मनात एक भाषण तयार केलं होतं. ते जीपमध्येच राहिलं.

"वहिनी, मी तुमचे तांदूळ..."

"कळलं," त्या म्हणाल्या. "भात कसा झालता?"

"काय?"

"वरीसभर निवडलाय मी. निदान कसा झालता ते तरी सांगा की."

"मोकळा," मी म्हणालो. "शीत न् शीत सुटं. वास तर पार गोठ्यापर्यंत."

"आन् मीठ?"

"जरा कमी."

"मग देवीचं नशीब चांगलं, तुमच्या हातचं खावं लागलं न्हाय," असं म्हणून त्या इतक्या हसल्या की तानाजी आतून पाणी घेऊन धावला.

तुम्ही विचाराल, माझं मत बदललं का? नाही. आजार औषधानं आणि डॉक्टरांच्या हातानं बरा होतो. कुणाला गाठ लागली तर गडावर नव्हे, दवाखान्यात जा. हे मी मरेपर्यंत सांगेन. पण व्याख्यानातला 'लाच' हा शब्द मी काढून टाकला आहे. लाच आपलं काम करून घ्यायला देतात. सलाईनच्या खुर्चीत बसून एक-एक दाणा निवडणारी बाई काय करत होती, त्याला माझ्याकडं अजून शब्द नाही. आणि चादर अजून घालणार आहे. पिशवीत हात घालण्याआधी माणसाला विचारणार आहे, एवढंच.

तीन आठवड्यांनी वडगावला गेलो. औषधं संपल्यानंतरच्या पहिल्या तपासणीचा निकाल अजून यायचा होता, घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. वहिनी ओट्यावरच होत्या. मांडीवर सूप, शेजारी डबा, डब्यात कडुलिंबाचा पाला. तांदूळ निवडत होत्या.

"एक विचारू?" मी म्हणालो. "त्या दिवशी जनाक्काला काय सांगितलंत?"

त्यांचं बोट थांबलं नाही. "काय न्हाय. म्हटलं, उद्या मी गेली तर ह्यास्नी कोण म्हणणार न्हाय, तुझी बायको मेली, ओटीला हात लावू नगंस. मग तुमालाच का?"

मग मी सुपाकडं बोट दाखवलं. "हे एवढ्यात? जानेवारीला अजून अकरा महिने आहेत."

"एका दिवसात होतंय व्हय? रोज मूठभर." त्यांनी सूप माझ्याकडं सरकवलं. "बसा की. चष्मा आणलाय न्हवं?"

मी मांडी घालून बसलो. पहिली कणी बाजूला काढली.

"आन् भावजी," त्या म्हणाल्या, "पुढल्या खेपेला पिशवी माझ्या पाठीवर असणार हाय. बघू कोण उचकतंय ते."